जबडा दुखत असेल तर आधी मानेचे स्नायू सैल करा

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा उजवा गाल तळहाताने दाबून धरलेला. "मॅडम, दाढ काढली की. तरी बी ठणका तसाच हाय."

मावशी विड्या वळतात. सोलापुरात हे काम घरोघर चालतं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, मान खाली, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. सहा महिने जबडा दुखत होता, म्हणून दाढ काढून झाली. ती किडलेली नव्हती, हे दुसऱ्या दंतवैद्याने नंतर सांगितलं. स्नायूंचं दुखणं दिसतंय असं म्हणून त्यांनीच मावशींना माझ्याकडे धाडलं.

मी जबड्याला हात लावला नाही. उजव्या खांद्याची वरची कड, मान आणि खांदा यांच्या मधली, अलगद चिमटीत धरली आणि मोजून दहा सेकंद थांबले. मावशींचे डोळे मोठे झाले. "हितं धरता अन् कळ जबड्यात येती की हो! हेच, हेच दुखतंय."

गेली 19 वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे आणि हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. जबड्याच्या स्नायूंचं दुखणं घेऊन येणाऱ्या पुष्कळ जणांची मानही दुखत असते. ती सवयीची झालेली असते, म्हणून कोणी बोलत नाही. याला शरीररचनेतलं कारण आहे. चेहरा आणि जबडा यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूकडे नेते. तिचं मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्रक खाली मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीपर्यंत उतरलेलं असतं आणि मानेच्या वरच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे कळ मानेतली आहे की जबड्यातली, याची मेंदूकडे गल्लत होते. दुसरं कारण ठेवणीचं. डोकं पुढे काढून बसलं की हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात आणि जबडा मागे-खाली ओढतात. मग तोंड मिटलेलं ठेवायलासुद्धा चावायच्या स्नायूंना राबावं लागतं.

मानेवर हाताने करायचे हे उपचार बरेचसे स्वतःला शिकता येतात. मी मावशींना शिकवले तसेच इथे सांगते. फक्त मधली पथ्यं गाळू नका, कारण मान ही जपून हात लावायची जागा आहे.

आधी हे तपासा

दंतवैद्याने किंवा डॉक्टरने जबडा एकदा पाहिलेला असावा. किडलेला दात, हिरडीतला पू, अक्कलदाढ यांचं दुखणं मान चोळून जाणार नाही, उलट वेळ वाया जाईल. ताप असेल, गालावर सूज असेल तर आज दंतवैद्याकडेच जा.

चालताना किंवा जिना चढताना जबडा किंवा खालचे दात दुखतात आणि थांबलं की थांबतं, असं असेल तर ते हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये तर छातीत न दुखता नुसता जबडा दुखल्याचीही उदाहरणं असतात. पन्नाशी ओलांडलेली आहे, कानशिलात नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली आहे, घास चावता चावता जबडा थकतो, नजर अंधूक होते, ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

आणि आपल्या भागात हे सांगावंच लागतं. गुटखा, मावा, सुपारी, मिश्री यांची सवय असेल, तोंड महिन्यामहिन्याने कमी कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठर लागत असेल, तर तो स्नायूंचा आखडलेपणा नाही. तो आतल्या त्वचेचा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी असे पेशंट मला अजून दिसतात. "मान मोकळी करून द्या, तोंड उघडेल" म्हणून आलेल्या तरुण मुलाला परत पाठवताना जीव तुटतो. त्याला तोंडाच्या डॉक्टरकडे जायचं असतं.

संधिवाताचा रूमेटॉइड प्रकार असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, नुकताच गाडीवरून पडून मानेला मार बसला असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर यातलं काहीही घरी करू नका.

केस कापून झाल्यावर कारागिराकडून मान 'कडकन' मोडून घ्यायची सवय पुष्कळ पुरुषांना आहे. ती सोडा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. झटक्याने पीळ बसला तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं की आयुष्य बदलतं. या लेखात झटका कुठेच नाही.

जोर किती? काट्यावर शिका

जबड्याच्या दुखण्याच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष 2014 साली आले. त्यांत गालाचा आणि कानशिलाचा स्नायू 1 किलोच्या दाबाने तपासायला सांगितला आहे, सांध्याच्या बाहेरच्या टोकावर फक्त अर्धा किलो. हा 1 किलो म्हणजे नेमका किती, हे बोटाला ठाऊक नसतं. स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर मधल्या बोटाचा पुढचा मऊ भाग ठेवा आणि आकडा 1000 ग्रॅमवर येईपर्यंत हळूहळू दाबा. डोळे मिटून पुन्हा दाबा, मग आकडा बघा. माझ्याकडे आलेले बहुतेक जण पहिल्या खेपेला दोन किलोच्या वर जातात. पाच-सहा वेळा केलं की बोट शिकतं. मानेवरही याच्या वर जायचं नाही.

माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी मला हे कोणी काट्यावर दाखवलं नव्हतं. एका बाईंच्या मानेच्या पुढच्या स्नायूवर मी अंगठ्याने जोर लावला, गाठ 'फोडायची' म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांना घास गिळताना दुखत होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत. तेव्हापासून मी जोर कमी ठेवते आणि वेळ जास्त देते.

दाबल्यावर जे जाणवतं त्यात एकच गोष्ट महत्त्वाची: हे दुखणं तुमच्या ओळखीचं आहे का? कुठेही दाबलं तरी थोडं दुखतंच. पण "हेच ते, मला रोज दुखतं ते" असं वाटलं तर ती जागा कामाची. पाच सेकंद धरून ठेवा. कळ दुसरीकडे पसरते का, तेही तेवढ्यात कळतं.

सुरुवातीची दोन मापं

एक, तोंड किती उघडतं. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं जोडून उभी करून पुढच्या दातांमध्ये सरकवून बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, म्हणजे तीन बोटं बसायला हवीत. मावशींची जेमतेम दोन बसत होती. बळजबरी करू नका, दुखायला लागलं की थांबा. दोन, खुर्चीत ताठ बसून मान उजवीकडे आणि डावीकडे वळवा आणि नाकाच्या रेषेत भिंतीवरचं काय दिसतं ते लक्षात ठेवा, खिडकीची कड, कॅलेंडर, काहीही. दोन्ही मापं तारखेसह वहीत लिहा.

आता हात लावूया

संध्याकाळी, काम आटोपल्यावर, दहा-बारा मिनिटं. नखं कापलेली हवीत. तेल लावू नका. तेलाने बोट घसरतं आणि आपल्याला तर एका जागी थांबायचं आहे. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर पाच मिनिटं ठेवला तर फार बरं.

जबडा आधी सैल करा. 'ल' म्हणा. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला जिथे टेकली, तिथेच राहू द्या. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना लागलेले नकोत. वरच्या आणि खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटरची फट असणं हीच जबड्याची विश्रांतीची अवस्था आहे. पुष्कळांना वाटतं की तोंड मिटलं म्हणजे दातही मिटायचे. पुढचं सगळं करताना जीभ 'ल'वरच ठेवा. दाबल्यावर दुखलं म्हणून दात आवळलेत, तर एका हाताने सोडवायचं आणि दुसरीकडे आवळायचं असं होतं.

पहिली जागा कवटीच्या खाली. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून मनगटाएवढी वळी करा आणि मानेखाली नव्हे, कवटीच्या तळाखाली ठेवा. दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटं डोक्यामागे नेऊन, कवटीचं हाड संपून जिथे मऊ लागतं तिथे, कण्याच्या दोन्ही बाजूंना उभी टेकवा. दाबू नका. डोकं साधारण चार-पाच किलोचं असतं, त्यातलं बरंचसं वजन टॉवेल घेतो, उरलेलं आपोआप बोटांवर येतं. डोळे मिटा, नाकाने श्वास घ्या. पहिलं मिनिट काहीच होत नाही असं वाटेल. मग बोटांखालचं ताठ मांस भिजलेल्या कणकेसारखं हळूच मऊ पडतं आणि बोटं किंचित आत जातात. ही जाणीव आली की आणखी एक मिनिट थांबा. हात दुखत असतील तर बोटांऐवजी मोज्यात गाठ मारून घातलेले दोन टेनिस बॉल चालतात, पण निदान आठवडाभर बोटांनीच करा. बॉलला काही कळत नाही, बोटाला कळतं.

दुसरी जागा मानेची पुढची तिरकी दोरी. इथे सगळ्यात जास्त सावध राहायचं. आरशासमोर बसून मान डावीकडे वळवा. उजव्या कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीपर्यंत एक दोरी उठून दिसेल. तिचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. तिच्यातल्या गाठींची कळ कपाळ, डोळ्याच्या आसपास, गाल आणि कान इथे जाते. कान तपासून "काही नाही" असं सांगितलेल्यांनी ही जागा जरूर बघावी.

आता उजवी दोरी सैल करायला उजवा कान उजव्या खांद्याकडे जरा झुकवा आणि नाक किंचित डावीकडे वळवा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोरी पकडा आणि मानेपासून थोडी *बाहेर* उचला. पुरीसाठी कणकेची गोळी तोडताना जेवढ्या हलक्या हाताने धरतो, तेवढंच. आत दाबायचं नाही, कधीच नाही. या दोरीच्या लगत मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. बोटाखाली ठोके लागले तर लगेच सोडा, चिमटी थोडी मागच्या बाजूला घ्या, पुन्हा धरा. दोन्ही बाजू एकदम कधीही धरू नका. कानाच्या खाली दोन बोटांवर सुरुवात करून तीन-चार जागांवर, प्रत्येक ठिकाणी 30 सेकंद. कळ ओसरली की पुढे सरका. अर्ध्या मिनिटात ओसरली नाही तर जोर कमी करा, वाढवू नका. चक्कर, मळमळ, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर सोडून द्या आणि डॉक्टरांना कळवा. कळवायचं राहून जाऊ देऊ नका.

तिसरी जागा खांद्याची वरची कड, म्हणजे ट्रॅपेझियसचा वरचा भाग, मावशींची जागा. तिची कळ मानेच्या कडेने वर कानशिलात आणि जबड्याच्या कोपऱ्यात जाते. उजव्या हाताचं कोपर मांडीवरच्या उशीवर टेकवा, म्हणजे खांद्याला हाताचं ओझं राहत नाही. डावा हात पुढून नेऊन कड चार बोटं आणि अंगठ्यात धरा. इथे मांस भरपूर असतं, धमनीची भीती नाही, म्हणून निवांत 60 सेकंद थांबा. बोटाखाली कडक, मुगाच्या दाण्याएवढी गाठ लागली तर तिच्यावर थांबा, तिला चोळू-फिरवू नका. सोडल्यावर डावा कान डाव्या खांद्याकडे सावकाश नेऊन 20 सेकंद ताण घ्या. हात डोक्यावर ठेवून ओढू नका.

जबडा सगळ्यात शेवटी, आणि थोडाच. गालाच्या हाडाखाली दोन बोटं ठेवा, क्षणभर दात चावा, फुगतो तो मॅसेटर. दात सोडा. 1 किलोच्या आतल्या दाबाने हाडापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे सावकाश खाली या, तीनदा. कानशिलावर तेवढंच. तोंडाच्या आत बोट घालून करायचे प्रकार असतात. ते हातमोजे घालून शिकलेल्या माणसानेच करावेत.

त्यानंतर

पाठीवरच पडून राहा. 'हो' म्हणताना मान हलते तेवढीच, हनुवटी किंचित गळ्याकडे, डोकं जमिनीवरून न उचलता. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. मानेच्या आतल्या स्नायूंना हे काम द्यायलाच हवं. नुसतं दाबून आराम पडतो, पण तो टिकत नाही, आणि तिथेच लोक कंटाळतात. तुम्ही मेहनत करणारी माणसं आहात, हा व्यायाम वगळू नका.

मग पुन्हा दोन्ही मापं घ्या. अर्धं बोट जास्त उघडलं, कॅलेंडरची पुढची कड दिसली, तर तुमच्या जबड्याच्या दुखण्यात मानेचा वाटा आहे असं समजा. काहीच फरक नाही तरी दोन आठवडे करा. दुसऱ्या दिवशी थोडं अंग मोडल्यासारखं दुखणं चालतं. 24 तासांनंतरही ठणकत असेल तर जोर निम्मा करा आणि एक दिवसाआड करा. चार आठवड्यांत काही हललं नाही, किंवा तोंड उघडताना सांधा अडकतो, निखळतो असं होत असेल, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. त्या वहीतल्या मापांवरून त्यांना पुष्कळ कळतं.

खाण्याचं पथ्य थोडक्यात. तीन-चार आठवडे कडक भाकरी नको. सोलापूरकरांना हे जड जातं, मला माहीत आहे. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून घ्या, शेंगा चटणी दह्यात कालवा. चिक्की, ऊस, सुपारी, च्युइंगम बंद. दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. पालथं झोपू नका. फोन मान आणि खांदा यांच्यात धरून भाजी चिरू नका. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दंतवैद्याने दिलेला नाईटगार्ड वापरत राहा. मान सैल केली म्हणून तो सुटत नाही.

मावशींना मी काम बंद करा म्हटलं नाही. हजार विड्यांची मजुरी सुटली तर घर चालणार नाही, आणि न पाळता येणारं पथ्य सांगून काय उपयोग? आम्ही सूप मांडीवरून काढून पाटावर ठेवलं आणि पाटाखाली दोन विटा घातल्या. मान चार बोटं वर आली. पाठ भिंतीला, कमरेमागे चादरीची घडी. आणि 25 विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की दोरा तोडतानाच 'ल' म्हणायचं, दात सोडायचे, खांदे खाली टाकायचे. हजाराला चाळीस कट्टे होतात, म्हणजे दिवसातून चाळीस वेळा. त्यांनी पहिल्या दिवशी हे मोजूनच मला सांगितलं.

पाचव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा तिसरं बोट अर्धं बसत होतं. गाल धरलेला नव्हता. शेजारच्या बाईला घेऊन आल्या होत्या. "हिचं बी बघा की मॅडम, कान दुखतो म्हनती." मी तिला आरशासमोर बसवलं आणि मान डावीकडे वळवायला सांगितली.